दगडफूल आणि इंग्रजीची शेपटं

चार वर्षांपूर्वी मी सदुसष्टची होते, म्हणजे आजच्या मानाने पोरगीच. गुडघे तेवढे म्हातारे झाले होते, अक्कल अजून यायची होती. त्या पोरगीची ही हकीकत. ती आठवली की मला हसू येतं, थोडी दयाही येते. पण दया दाखवली तर डोक्यावर बसेल, म्हणून मी हसतेच.

होळी नुकतीच झाली होती. लालबागच्या आमच्या चाळीत होळीनंतर बायकांना एकच विषय असतो, वर्षाचा मसाला. कोणाची बेडगी जास्त लाल, कोणाच्या संकेश्वरीला भोकं, कोणाला दुकानदाराने फसवलं. मी गॅलरीत मिरच्यांची देठं खुडत बसले होते. सून ऑफिसातून आली, पर्स खुंटीला अडकवली, चहा केला, मला दिला आणि पाट ओढून तीही देठं खुडायला बसली. इथवर ठीक होतं. मग म्हणाली,

"आई, आपण रोज थोडं इंग्रजी करूया का?"

माझा हात थांबला. "आपण म्हणजे कोण?"

"तुम्ही नि मी. मी क्रियापद सांगणार, त्याच्या मागे काय लागतं ते तुम्ही सांगायचं. टू, फॉर, विथ, ऑन, असलं. तुमचं शाळेतलं इंग्रजी चांगलं होतं ना? तुम्हीच सांगता."

सांगत होते खरी. गिरगावातल्या शाळेत बाईंनी माझा इंग्रजी निबंध वर्गात वाचून दाखवला होता, हे मी लग्न होऊन या घरात आल्यापासून ज्याला त्याला ऐकवलं होतं. निबंध गाईवर होता आणि त्यात चुकण्यासारखं फारसं काही नव्हतं, हे सांगायचं राहून गेलं होतं.

पण ही सून! ऑफिस, डबे, पाणी भरणं यातून जिला स्वतःच्या केसांना तेल लावायला वेळ नाही, ती एकाएकी सासूला इंग्रजी शिकवणार? कशासाठी? मी काय आता बँकेत लागणार होते?

कशासाठी ते मला त्याच मिनिटाला कळलं. तिला माप हवं होतं.

हे माप म्हणजे काय ते सांगते. मसाल्यात धणे, बडीशेप, लवंग, दालचिनी, सगळं सगळ्यांच्या घरी थोड्याफार फरकाने सारखंच असतं. आमच्या घरचा मसाला वेगळा होतो तो दगडफुलाने. वाळक्या शेवाळासारखं दिसतं ते, काळपट आणि हलकं. कमी पडलं तर मसाला मुका, जास्त पडलं तर कडू. ते भाजायची वेळ आली की माझी सासू सगळ्यांकडे पाठ फिरवायची, मूठ भरायची, कढईत टाकायची आणि वळून म्हणायची, "झालां." पंधरा वर्षं मी ती पाठ बघितली. अखेर ती अंथरुणाला खिळली तेव्हा माझी मूठ हातात घेऊन, बोटं जरा उघडून, जरा मिटून तिने दाखवलं, एवढं. तेव्हापासून पाठ माझी.

आणि आमचे हे गेल्यावर या घरात माझं म्हणून दुसरं होतं तरी काय? गॅस सुनेचा, रिमोट नातीचा, निर्णय मुलाचे, तेही बायकोला विचारून. वर्षातून एकदा मी पाठ फिरवायचे तेवढा वेळ मी या घराची मालकीण. ते माप गेलं की मी कोपऱ्यातली जेवणारी म्हातारी.

तरी मी "करूया की" म्हटलं. नाही म्हटलं असतं तर मला कळलंय हे तिला कळलं असतं.

सुरुवात साधी होती. "वेट?" "फॉर." "लुक?" "ॲट." मग ती म्हणाली, "लिसन?"

"माय," मी म्हटलं.

"माय कसं आई?"

"माझं ऐक. लिसन माय."

ती इतकी हसली की मिरचीचा हात डोळ्याला लागला आणि नळाकडे धावली. मला मात्र त्यात हसण्यासारखं काही दिसेना. आपण रागावतो ते कोणावर तरी, म्हणून मी 'अँग्री ऑन' म्हणायचे. ते चूक. लग्न करतो ते कोणाशी तरी, म्हणून 'मॅरीड विथ'. तेही चूक, तिथे 'टू'.

"टू म्हणजे ला," मी म्हटलं. "लग्न काय नवऱ्याला लावलं?"

"लावलंच की," सून म्हणाली.

"बरं, नियम काय याचा?"

"नियम नाही आई. ज्याच्या मागे जे जातं ते जातं. लक्षात ठेवायचं."

ज्याला नियम नाही त्यावर माझा विश्वास बसत नाही. या टू, फॉर, विथांना मी शेपटं म्हणायला लागले आणि प्रत्येक क्रियापदाकडे संशयाने बघायला लागले. 'लुक'चं तर मला काही खरं वाटेना. आज ॲटबरोबर, उद्या फॉरबरोबर, परवा आफ्टरबरोबर, आणि दर वेळी वागणं वेगळं. चाळीत अशी असती तर गॅलरीत उभं राहणं मुश्कील झालं असतं. उलट 'डिस्कस' मला आवडली. तिच्यामागे कोणीच लागत नाही. अबाउटसुद्धा नाही. एकटी राहते, ताठ. माझ्यासारखी विधवा असावी.

आठवडा गेला आणि गाडी हळूच वळली.

"ॲड?"

"टू."

"मिक्स?"

"विथ."

"सोक?"

"इन."

"ग्राइंड?"

माझे कान उभे राहिले. जगातली सगळी क्रियापदं सोडून ही बाई सरळ स्वयंपाकघरात शिरली होती.

"वाक्यात वापरा ना आई. ॲड टू."

"वुई ॲड समथिंग टू समथिंग."

"पण काय? कशात?"

"समथिंग," मी म्हटलं. "सगळंच काय सांगायचं असतं?"

समोरच्या खोलीत मालवणकडच्या बाई राहतात. वयाने माझ्याएवढ्या, कानाने माझ्याहून तेज. दुसऱ्या दिवशी सून ऑफिसला गेल्यावर त्या वाटाणे सोलायचं निमित्त काढून आल्या.

"वयनी, सून तुमका फुकट शिकयता?"

"हो."

"मगे कायतरी असतलांच." त्यांनी मागेपुढे बघितलं. "हल्ली मोबाइलवर मसाले विकतत. सासवेचो मसालो म्हणान. तुमचो फोटोय लावतली, बघा."

फोटोचं मला इतकं वाईट वाटलं नाही. लावला तर निळ्या साडीतला लावावा, एवढंच मनात आलं. पण माप?

त्या संध्याकाळी मी नीट लक्ष दिलं. सुनेचा मोबाइल खिडकीच्या कट्ट्यावर उताणा पडलेला, आणि त्यावर लाल ठिपका. टीव्हीवर बघून मला एवढं माहीत होतं की लाल ठिपका म्हणजे आवाज पकडतात. मी मिरच्यांचं सूप उचललं आणि अलगद त्यावर ठेवलं. मग जोरजोरात मिरच्या पाखडल्यासारखं केलं.

जरा वेळाने ती इकडेतिकडे चाचपायला लागली. "आई, माझा फोन बघितलात?"

"लुक फॉर," मी म्हटलं.

एवढ्यात नात कॉलेजातून आली. आमचा अभ्यास बघून दारातच थांबली. "मम्मी, तू शिकवतेस आजीला? आधी स्वतःचं बघ ना. परवाचा मेल कसा लिहिला होतास, बाप रे!"

सुनेचा चेहरा पडला. ती देठं खुडत राहिली. मला तेव्हा वाटलं, आयती साक्षीदार नको म्हणून हिचा चेहरा पडला. संशय आला की माणसाला सगळं दिसतं, समोरचं सोडून.

मग त्या सदुसष्टच्या पोरगीला युक्ती सुचली. दुसऱ्या दिवशी सून म्हणाली "ॲड टू," आणि मी सूप मुद्दाम बाजूला करून, मोबाइलला नीट ऐकू जाईल असं म्हटलं, "वुई ॲड टू फुल मुठी ऑफ दगडफूल टू द मसाला."

खरं माप त्याच्या निम्मंही नाही.

सुनेने वर बघितलं. "टू मुठी?"

"फुल."

ती काहीतरी बोलणार होती. मग नुसतं म्हणाली, "ऑफ बरोबर. टू पण बरोबर. छान, आई."

लागली गळाला, असं म्हणून मी मनातल्या मनात टाळी घेतली. आता मोबाइलवर विकू दे कडूजार मसाला. लोकच परत आणून देतील.

मसाल्याचा रविवार उजाडला. मिरच्या दोन दिवस गच्चीवर वाळवून झाल्या होत्या. समोर टॉवर झाल्यापासून ऊन गच्चीवर एका जागी राहत नाही, त्यामुळे खाली अंथरलेल्या साड्यांसकट मिरच्या ओढत उन्हामागे फिरावं लागतं. ते काम नातीने कुरकुरत केलं होतं. मी कढईपुढे बसले. एकेक जिन्नस भाजून डब्यात पडत होता आणि खोलीत तो वास भरत होता ज्याने शेजारचे शिंकतात आणि तरीही दार लावत नाहीत. सगळ्यात शेवटी दगडफूल. दर वर्षी ती वेळ आली की सून दूध बघायला उठते, कपडे काढायला जाते, काहीतरी निघतंच. यंदा ती हलेना. फडकं हातात घेऊन माझ्या खांद्याशीच उभी राहिली.

"काही काम नाही तुला?"

"आहे ना. कढई मी उतरवते. तुमच्या हातून निसटेल."

आता पाठ फिरवायची कुठे? जिकडे वळेन तिकडे ही. खरी मूठ घेतली असती तर माप दिसलं असतं, शिवाय माझं खोटंही उघडं पडलं असतं. म्हणून मी खोट्याला जागले. दोन मुठी, फुल, तिच्या डोळ्यांदेखत कढईत टाकल्या. घाबरले नाही. दगडफूल हलकं असतं, शेवटी भाजलं की डब्यात वरच राहतं. हिची पाठ वळली की जास्तीचं उचलून घेईन, असा माझा हिशेब.

मग मी गॅलरीच्या टोकाला गेले. चाळीतल्या माणसाला टोकाला कशाला जातात ते सांगायला नको, आणि तिथे रांग असते हेही. परत आले तर कढई रिकामी. डबा नाही, मिरच्यांची पिशवी नाही, सून नाही. मुलगा पेपर वाचत बसलेला.

"डंखावरून फोन आला," तो म्हणाला. "नंबर लवकर लागला म्हणे. ती गेली घेऊन."

डंख म्हणजे आमचा मसाला कुटायचं यंत्र, गल्लीच्या तोंडाशी. लोखंडी मुसळं वरखाली आपटत असतात आणि एकदा त्यांच्याखाली गेलं की देवही वेगळं करून देत नाही.

"सगळा डबा नेला?"

"मग काय अर्धा नेणार? काय झालं आई?"

काय झालं ते सांगण्यासारखं नव्हतं. वर्षभराचा मसाला कडू होणार होता. वर्षभर घरातली माणसं कालवणाचा घास घेऊन एकमेकांकडे बघणार होती आणि म्हणणार होती, आजीचा हात गेला आता. जे माप वाचवायला मी एवढं रामायण केलं, त्या मापाची लाज मीच काढली होती.

गणपतीनंतर मी जिना उतरले नव्हते. त्या दिवशी उतरले. कठडा धरून, प्रत्येक पायरीला सुनेला एक शिवी आणि स्वतःला एक असं मोजून देत. मालवणच्या बाई वरून ओरडल्या, "वयनी, खंय चाललात?" मी वर बघितलंसुद्धा नाही.

डंखावर नेहमीची गर्दी होती. धाडधाड आवाज, हवेत लाल धूळ, सगळ्यांच्या नाकाला पदर. तिथली एक रीत आहे. प्रत्येक बाई स्वतःच्या डब्याला खेटून उभी असते. नजर हटली की आपल्या बेडगीत दुसरीची लवंगी मिसळली, असं प्रत्येकीला वाटतं. कोणी कोणावर विश्वास ठेवत नाही आणि त्याचं कोणाला वाईटही वाटत नाही. मला ती जागा फार आवडते.

सून बाकावर बसली होती. डबा मांडीवर, झाकण उघडं. ती दोन बोटांनी वरचं दगडफूल उचलून कागदावर काढत होती आणि तोंडाने काहीतरी पुटपुटत होती. मी एका बाईच्या धण्याच्या गोणीमागे लपले. सदुसष्ट वर्षांची बाई, धण्याच्या गोणीमागे.

"अप्लाय फॉर. रिस्पॉन्सिबल फॉर. रिपोर्ट टू. डील विथ. डिस्कस, काही नाही. डिस्कस, काही नाही."

मला शिंक आली. ती दचकली. "आई! तुम्ही खाली कशा आलात?"

"ते राहू दे. दगडफूल का काढतेस?"

"जास्त पडलंय."

"तुला काय माहीत जास्त पडलंय?"

"माहीत नसायला काय झालं?" ती म्हणाली. "तुमचे गुडघे धरल्यापासून दर वर्षी डबा मीच आणते ना. नंबर येईपर्यंत मांडीवर घेऊन बसायचं, कोणी हात घालत नाही ना बघायचं. बघून बघून डोळ्यांत बसलाय डबा. धण्याचा थर इथपर्यंत, मग बडीशेप, आणि दगडफूल..." तिने मूठ केली, बोटं जरा उघडली, जरा मिटली. "एवढं."

तेवढंच होतं. एक पाकळी इकडे नाही, तिकडे नाही.

मी बाकावर बसले. म्हणजे वर्षानुवर्षं मी घरात पाठ फिरवायची, नातीलासुद्धा बाहेर काढायची, आणि मग अख्खा डबा या बाईच्या हातात देऊन तिला सांगायची, झाकण उघडून नीट लक्ष ठेव हं! आणि माझी सासू? तीही भाजून झाल्यावर डबा माझ्याच हातात द्यायची. पंधरा वर्षं मी तो डबा इथे आणला आणि एकदाही आत डोकावले नाही. सासूबाई काय म्हणतील म्हणून झाकणावर दोन्ही हात दाबून बसायचे. माझ्याहून ही शंभरपट हुशार निघाली, आणि त्याचा मला अतिशय राग आला.

"मग मी दोन मुठी म्हटलं तेव्हा का नाही बोललीस?"

"कळलं होतं मला, खोटं सांगताय ते. पण सासूचं खोटं पकडायचं की इंग्रजी पक्कं करायचं? म्हटलं, आधी इंग्रजी."

"आणि आज खांद्याशी का उभी राहिलीस?"

"खरंच दोन मुठी टाकताय की काय, ते बघायला. टाकल्यात!"

"इंग्रजी कशाला एवढं?"

तिने कागदाची पुडी बांधली. बांधायला जरा जास्तच वेळ घेतला. ऑफिसात तिच्या वरची जागा रिकामी झाली होती. मुलाखत इंग्रजीत होणार होती. ती शिकली परळच्या मराठी शाळेत. काम सगळं येतं, बोलताना ही शेपटं चुकतात. मीटिंगमध्ये ती 'डिस्कस अबाउट' म्हणाली तर कालची पोरं एकमेकांकडे बघून हसली. घरी विचारावं तर मुलगी हसते.

"तुमच्याबरोबर चुकलं तर बरं वाटतं," ती म्हणाली. "तुम्ही माझ्याहून मोठ्याने चुकता."

"आणि ते मिक्स, सोक, ग्राइंड?"

"ऑफिसची क्रियापदं काढली की तुम्हाला डुलकी लागायची. स्वयंपाकाची काढली की कशा ताठ बसायच्या!"

"आणि मोबाइल?"

"माझंच बोलणं परत ऐकायला. एक दिवस तर नुसत्या मिरच्याच पाखडलेल्या ऐकू आल्या."

माप गेलेलं होतं, कधीच गेलेलं होतं, आणि कोणी चोरलंही नव्हतं. मी स्वतः दर वर्षी झाकणासकट पोचवलं होतं. मला खूप एकटं वाटलं. मग वाटलं, इतकी वर्षं हिला माहीत होतं आणि तरी ही दर वर्षी दगडफुलाच्या वेळी दूध बघायला उठायची. दुधाला काय होत होतं?

"तीस नंबर!" डंखवाला ओरडला. तो नंबर आमचाच. सुनेने डबा दिला आणि दोघी मुसळांपुढे उभ्या राहिलो, नजर न हटवता.

"अप्लाय?" मी ओरडले. त्या आवाजात ओरडावंच लागतं.

"काय?"

"अप्लाय! मी साहेब आहे असं समज. अप्लाय?"

"फॉर!"

"रिपोर्ट?"

"टू!"

धण्याच्या गोणीवाली बाई पदर नाकावरून खाली करून बघायला लागली. "काय चाललंय हो तुमचं?"

"इंटरव्ह्यू," मी म्हटलं. "तुमच्या गोणीकडे लक्ष द्या. डिस्कस?"

"अबा..."

"एकटी!" मी किंचाळले. "डिस्कस एकटी राहते! कोणाला घरात घेत नाही!"

ते तिच्या डोक्यात पक्कं बसलं. ती जागा तिला मिळाली. माझ्यामुळे मिळाली असं मी चाळभर सांगते, आणि ती नाही म्हणत नाही, त्यामुळे मला जरा शंकाच येते.

यंदाचाही मसाला परवाच झाला. दगडफुलाची वेळ आली तशी सून उठली आणि म्हणाली, "दूध बघून येते." दूध फ्रिजमध्ये होतं. मी सगळ्यांकडे पाठ फिरवली. मूठ भरली, मुद्दाम जराशी जास्त, आणि कढईवर धरली.

दाराआडून आवाज आला, "आई, पुरे."

तिथून तिला दिसतं कसं, याचा माझा तपास चालू आहे.